गालांवरचा वारा

लॅन्टर्न कोव्ह,
९ सप्टेंबर १९५८

ती. ब्लान्श आत्यास,

एफीचा सा. न. वि. वि. साष्टांगच घालणार होते, पण इथली फरशी सप्टेंबरातच हाडं गोठवते, म्हणून उभ्यानेच गोड मानून घे.

सुखरूप पोचले. इथे पंधरा दिवसांनी एकदा बोट लागते आणि ती बघायला अख्खं गाव धक्क्यावर जमतं, म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, कुत्रीसुद्धा. मी शिडी उतरत होते आणि सगळे डोळे वर. आधी कान तापले, मग गळा, मग सगळं तोंड. तू मला सहाव्या वर्षापासून सांभाळलंस, तेव्हा पुढचं सांगायला नकोच. एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली की नवी टीचर उकडलेल्या लॉबस्टरसारखी दिसते. तिच्या आईने तिला चापट मारली, त्यावर मी आणखी लाल झाले.

राहायला अझराया पार्डी यांच्याकडे जागा मिळाली आहे, खोलीची खिडकी थेट रस्त्यावर. इथे गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना काका-मावशीच म्हणतात, म्हणून ते अझराया काका. साठीचे आहेत, स्वतःची होडी आहे, शाळा-समितीचे अध्यक्षही तेच. त्यांची आई केझाया आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. तिची दृष्टी पार गेली आहे, पण पायमोज्यांचं विणकाम सुटलेलं नाही.

शाळेत एकतीस पोरं आहेत. पोरांसमोर मला काही होत नाही, हे एक नवलच. पण मोठं माणूस दारात आलं की संपलं. आणि आता ऐक. फेब्रुवारीत शाळा-निरीक्षक येणार. त्या दिवशी सगळं गाव सभागृहात जमतं आणि टीचरने उभं राहून, हातात कागद न घेता, वर्ष कसं गेलं ते सांगायचं असतं. मागच्या टीचरने कागद वाचून दाखवला म्हणून अजून नाकं मुरडतात. त्यावर निरीक्षक ठरवणार, मला कायम करायचं की नारळ द्यायचा. आत्या, मला ही नोकरी हवी आहे. आजवर कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती.

माझ्या पदवीच्या समारंभाला तू आली नाहीस ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. ताप काय सांगून येतो? तब्येतीला जप.

लोभ आहेच, तो गोदामात न ठेवता पत्रातून पाठवत जावा.

तुझी
एफी

*

सेंट जॉन्स,
२२ सप्टेंबर १९५८

चि. एफीस,

अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे तुझ्या कानांसाठी.

आपल्या घराण्यात वारसा म्हणून एवढे कानच चालत आलेत. तुझ्या बापाचे तर असे पेटायचे की चर्चमध्ये मागच्या बाकावरचे लोक प्रार्थना सोडून ते बघत बसायचे. तेव्हा रडू नकोस. यावर इलाज आहेत आणि ते मी स्वतः वापरून पाहिलेले आहेत.

सगळ्यात नामी इलाज वाऱ्याचा. कुणी भेटायला येतंय असं दिसलं की आधी बाहेर पडायचं, शाळेला एक फेरी मारायची आणि मग हाश्शहुश्श करत आत यायचं. वाऱ्याने लाल झालेल्या माणसाला कुणी हसत नाही. वारा नसेल त्या दिवशी शेगडीजवळ बस. गळा कायम बंद ठेव. आणि लोकांच्या तोंडाकडे न बघता जरा वर बघायचं, छत असेल तर छताकडे, नाहीतर आकाशाकडे. माझी तीस वर्षं एवढ्यावर निघाली. अर्थात टोप्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाईक येत नाही, त्याचाही थोडा हातभार आहे.

लोकरीचे मोजे घालतेस ना? तुझ्या खोलीत मी शिवणाचं सामान पसरलंय, म्हणजे ती रिकामी वाटत नाही.

आठवण राहू दे, आणि राहिली की कळवत जा.

तुझी
आत्या

*

लॅन्टर्न कोव्ह,
१२ ऑक्टोबर १९५८

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझा इलाज लागू पडला, पण भलत्याच रोगाला.

शेगडी पेटवायला मी उजाडताना शाळेत जाते. होड्यांकडे निघालेले पुरुष नेमके शाळेसमोरून जातात आणि प्रत्येक जण थांबून विचारपूस करतो. म्हणून ते येताना दिसले की मी तू सांगितलंस तशी फेरी मारू लागले, आकाशाकडे बघत. गेल्या मंगळवारी पाद्रीसाहेब शाळा बघायला यायचे होते, त्या धास्तीने एकाच्या जागी तीन फेऱ्या झाल्या. पुरुषांनी ते पाहिलं, आपसात काहीतरी बोलले आणि माघारी फिरले. त्या दिवशी एकही होडी निघाली नाही. आणि दुपारी ईशान्येचा असा वारा सुटला की दोन घरांच्या छपरांच्या फळ्या उडाल्या!

संध्याकाळी अझराया काका मला म्हणाले, काय गं पोरी, शहरात राहून हे वाऱ्याचं ज्ञान कुठून आणलंस? मी लाल झाले. ते म्हणाले की विनयही आहे, फार छान. आता रोज सकाळी माझ्या फेऱ्या मोजल्या जातात. एक फेरी म्हणजे जावं, दोन म्हणजे जपून जावं, तीन म्हणजे घरी बसून जाळी विणावी. मला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, हे कुणाला सांगू?

बाकी आमचं ठीक चाललं आहे. आजीने माझ्यासाठी मोजे विणले, दोन्ही एकाच पायाचे झालेत, पण ऊबदार आहेत.

माया आहे तशीच असू दे.

तुझी
एफी

*

सेंट जॉन्स,
२३ ऑक्टोबर १९५८

चि. एफीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की दुकानमालक मागच्या खोलीत डोकावून गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा!

मुळीच कुणाला सांगू नकोस. लोक तुला शहाणी समजतात तर समजू देत, त्यात तुझं काय जातं? सोबत जाळीचा एक पांढरा पडदा पाठवते आहे. मी स्वतः विणलाय. तुझ्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे म्हणालीस, तिला लाव. आपल्याला बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरच्याला आपलं तोंड दिसत नाही. यापेक्षा माणसाला आणखी काय हवं?

घाईत आहे, तरी लोभात खोट नाही.

आत्या

*

लॅन्टर्न कोव्ह,
१० नोव्हेंबर १९५८

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पडदा पोचला, सुरेख आहे. बाकी मात्र चांगलं नाही.

तीस ऑक्टोबरला सकाळी अझराया काका माझ्या भाषणाची तालीम ऐकायला शाळेत येणार होते. मी चार फेऱ्या मारल्या. समुद्र तळ्यासारखा शांत होता, तरी अकरा होड्या किनाऱ्यावर राहिल्या. हंगामातला कॉड माशांचा शेवटचा मोठा लोंढा त्या दिवशी आला आणि पलीकडच्या गावच्या होड्या काठोकाठ भरून परतल्या. इथे हिवाळाभर खारवलेल्या माशांवर दिवस काढायचे असतात, आत्या. आमच्या परड्या अर्ध्या आहेत.

मला कुणी शब्दाने बोललं नाही. काका तर म्हणाले, टीचरला काहीतरी दिसलं असणार, जीव वाचला हे काय थोडं झालं? यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तीनदा त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. तीनदा कान तापले आणि तीनदा पाणी प्यायच्या निमित्ताने परत आले. जिला एका माणसाला खरं सांगता येत नाही, ती सगळ्या गावासमोर काय बोलणार?

एक विचारू? रागावू नकोस. हल्ली मीच इतकी खोटी निमित्तं सांगते, वाऱ्याची, शेगडीची, तहानेची, की मला सारखी त्या पदवीच्या दिवशीची रिकामी खुर्ची आठवते. तुला खरंच ताप आला होता का?

तुझी
एफी

*

सेंट जॉन्स,
२२ नोव्हेंबर १९५८

चि. एफीस,

आशीर्वाद. झालं ते झालं. सांगून मासे परत येणार नाहीत, तुझी अब्रू मात्र जाईल.

फारच जड जात असेल तर परत ये. मागच्या खोलीत खिडकीशेजारी एक टेबल रिकामं आहे, मालकांशी बोलले आहे. तुझा हात चांगला आहे. तिथे कुणी बघत नाही.

इकडे थंडी वाढली आहे.

आत्या

*

लॅन्टर्न कोव्ह,
३ जानेवारी १९५९

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. नव्या वर्षाचाही नमस्कार याच्यातच घे.

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. मीही परत विचारत नाही. पण काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाताळानंतरचे बारा दिवस इथे ममर निघतात. तुझ्या लहानपणी तुमच्याकडेही निघत असणार. बायका पुरुषांचे कपडे करतात, पुरुष झगे घालतात, पाठीला उशी बांधून कुबड काढतात, तोंड झाकून घरोघर जातात. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. घरच्यांनी टोचून, चिमटे काढून कोण आहे ते ओळखायचं. ओळखलं तर तोंड उघडं करायचं आणि केक खायचा.

शेजारची सेलिना मला म्हणाली, चल गं, तुला तर हे वरदानच आहे. तिने मला तिच्या नवऱ्याची विजार दिली, उलटसुलट पायांत रबरी बूट चढवले, हातमोजे दिले. तोंडावर घ्यायला काही नव्हतं, म्हणून मी खिडकीचा तुझा पडदा काढला. घरी सांगितलं की सेलिनाकडे चहाला जाते. संध्याकाळी आम्ही चौघी निघालो. आत्या, त्या पडद्याआड मी कोण झाले कुणास ठाऊक! एका घरात मी नाचले. दुसऱ्या घरात दुकानदाराला त्याच्या टकलावरून चिडवलं. कुणाला पत्ता लागला नाही.

मग आम्ही आमच्याच घरी आलो. मीच दार ठोठावून, आत ओढलेल्या आवाजात विचारलं, ममर घेता का घरात? अझराया काका म्हणाले, या, या, जागा आहे. घरात वीसेक माणसं होती. आणि तिथे मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी मध्ये उभी राहून सांगायला लागले की आम्ही लांबून आलोय, तुमच्या टीचरची बातमी आणलीय. ती वारा-बिरा काही बघत नाही. तिला माणसांची लाज वाटते, तोंड लाल होतं, म्हणून ती गाल गार करायला शाळेभोवती फिरते. तीस ऑक्टोबरला तिने चार फेऱ्या मारल्या त्या काकांच्या भीतीने. अकरा होड्यांचे मासे तिच्या गालांनी घालवले, आणि सांगायची तिला हिंमत नाही.

सेलिना मागून माझी विजार ओढत होती. इतक्यात चुलीजवळच्या खुर्चीतून केझाया आजी म्हणाली की त्या माणसाला जरा इकडे आणा. मी गेले. तिने हात वर करून पडद्यावरून माझ्या गालाला लावला आणि म्हणाली, ही आपली टीचर. कापडातून भट्टी लागतेय.

नियम म्हणजे नियम. मी पडदा काढला. गळ्यापासून कपाळापर्यंत पेटले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अझराया काका उठले. मला वाटलं, आता सामान बांधायला सांगणार. ते म्हणाले, म्हणजे दोन महिने आम्ही या पोरीच्या गालांवर मासेमारी करत होतो? आणि असे हसायला लागले की त्यांना खोकला झाला. मग सगळेच हसले. सेलिनाचा नवरा म्हणाला की चूक टीचरची नाही, चाळीस वर्षं समुद्रावर जाऊन मास्तरणीच्या फेऱ्या मोजणाऱ्या आम्हा अकरा शहाण्यांची आहे. मासे गेल्याचं दुःख आहे गं त्यांना, ते काही लपलं नाही. पण मला केकचा सगळ्यात मोठा तुकडा दिला.

मी आजीजवळ बसून राहिले. तिला म्हटलं की तुम्हाला दिसत असतं तर कळलं असतं मी किती वाईट दिसते. आजी म्हणाली की लोक लाल-लाल करतात ते तिला माहीत नाही, तिला नुसती ऊब लागते, आणि इथल्या हिवाळ्यात ती कुणाला नको असते?

भाषणाची भीती आहेच. पण परत येत नाही, आत्या. ते टेबल दुसऱ्या कुणाला द्यायला सांग.

रागावली असलीस तरी लोभ असू दे, रागासकट चालेल.

तुझी
एफी

*

सेंट जॉन्स,
२० जानेवारी १९५९

चि. एफीस,

आशीर्वाद. हे पत्र मी चार वेळा लिहून चुलीत घातलं.

ताप आला नव्हता.

नवा निळा झगा शिवला होता मी त्या दिवसासाठी. तुझ्या कॉलेजच्या फाटकापर्यंत आले. आत सभागृहाचं दार उघडं होतं आणि तुझ्या नावाची खुर्ची अगदी पुढच्या रांगेत होती, पालकांची. तिथवर सगळ्यांच्या देखत चालत जायचं होतं. माझे कान तापले. म्हटलं, आवाराच्या भिंतीला एक फेरी मारते, वाऱ्याने लाल झाले असं होईल. एक मारली, दुसरी मारली. किती मारल्या देव जाणे. तुझं नाव पुकारलेलं मला भिंतीबाहेरून ऐकू आलं. टाळ्याही ऐकल्या. मी पण वाजवल्या, रस्त्यावर उभी राहून. मग घरी येऊन अंथरुणात शिरले आणि तुला ताप सांगितला.

तू माझं सगळं काही आहेस, आणि तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मी भिंतीच्या बाहेर होते. हे मला रोज खुपतं. तुला मी जे इलाज शिकवले ते लपायचे इलाज होते, पोरी, दुसरे मला येतच नाहीत. आणि परत ये म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं. मला एकटीला करमत नाही म्हणून होतं.

फेब्रुवारीत कागद घेऊ नकोस. आकाशाकडेही बघू नकोस.

क्षमा करता आली तर कर. नाही आली तरी लिहीत राहा.

तुझी
आत्या

*

लॅन्टर्न कोव्ह,
२१ फेब्रुवारी १९५९

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आणि या खेपेला साष्टांगच, फरशी गेली खड्ड्यात.

तुझं पत्र कवटाळून मी इतकी रडले की आजीने विचारलं, घरी कुणी वारलं का. तुझ्यावर रागावू कशी? तू टाळ्या वाजवत होतीस. मला इतके महिने वाटत होतं की तुला यावंसंच वाटलं नाही.

आता गुरुवारचं ऐक. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निरीक्षक क्रिचसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर वही. माझं नाव घेतलं, मी उभी राहिले, हात रिकामे. आधी कान. मग गळा. मग सगळंच, नेहमीपेक्षा दुप्पट. तोंडातून आवाज फुटेना. क्रिचसाहेबांनी पेन्सिल काढली.

आणि तिसऱ्या रांगेतून अझराया काका जोरात म्हणाले, नैऋत्येचा आहे, हलका!

सगळं गाव खदखदून हसलं. क्रिचसाहेब मान वळवून बघायला लागले. मलाही हसू फुटलं. मी म्हटलं की वारा इतक्यात पडेल असं काही दिसत नाही, तेव्हा यातच निघावं लागेल. आणि निघाले. वीस मिनिटं बोलले! कोण वाचायला शिकलं, कुणाचा गुणाकार अजून डगमगतो, शेगडीला लाकडं कमी का पडतात, सगळं सांगितलं, त्यांच्या तोंडाकडे बघून. लाली गेली नाही गं. शेवटपर्यंत होती. ती असताना बोलता येतं, एवढंच मला आजवर माहीत नव्हतं.

क्रिचसाहेबांनी मला कायम केलं. जाताना त्यांनी काकांना विचारलं की ते नैऋत्येचं काय प्रकरण आहे. काकांनी सांगितलं, ती आमच्या गावची खासगी बाब आहे.

आता माझं मागणं. जूनमध्ये शाळेचा वार्षिक दिवस असतो. टीचरच्या पालकांची खुर्ची पुढच्या रांगेत असते आणि तुझ्याशिवाय तिथे बसणारं मला कुणी नाही. धक्क्यावर सगळं गाव उभं असेल, खोटं कशाला सांगू. पण केझाया आजी म्हणते की तिला सगळ्यांच्या पुढे उभं करा. तू शिडी उतरलीस की सरळ तिच्याकडे ये. तिला दिसत नाही. ती फक्त गालाला हात लावेल.

हवा असेल तर पडदा परत पाठवते, प्रवासात घ्यायला.

वाट बघणारी
एफी

*

सेंट जॉन्स,
२४ मे १९५९

चि. एफीस,

आशीर्वाद, बाकीचे समक्ष.

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण रोज बोटीच्या कचेरीपर्यंत जात होते आणि तिला फेरी मारून परत येत होते. काल आत गेले. तिकीटवाल्याने कुठलं गाव विचारलं. मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं आणि टोमॅटोसारखी झाले. त्याने तिकीट फाडून दिलं. बस, एवढंच. त्याच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं.

दहा जूनच्या बोटीने येते. निळा झगा जरा कमरेत सैल करून घेतलाय. पडदा पाठवू नकोस, खिडकीलाच राहू दे, आणि दिवसा जरा बाजूला सरकवत जा.

केझाया आजींना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं, हात जरा जपून लावा, भाजेल. आणि अझरायाभाऊंना आत्ताच बजावून ठेव की दहा तारखेला धक्क्यावर माझं तोंड कसंही दिसलं तरी होड्या थांबवू नका. त्या दिवशी समुद्राला काही झालेलं नसेल, नुसती एफीची आत्या आलेली असेल.

तुझी
ब्लान्श आत्या